एअरमन म्हणजे कोण

आई गेल्यानंतर बाबांनी बोलणंच टाकलं. नागपूरच्या घरात ते एकटे आणि मी इकडे ओहायोत, कोलंबस शहराजवळच्या डब्लिनला. फोनवर "बरं आहे" आणि "ठेवतो" यापलीकडे गाडी जात नसे. शेवटी २००६च्या ऑक्टोबरात मी हट्टाला पेटून त्यांना सहा महिन्यांसाठी घेऊन आले. आल्यावर ते आमच्या दिवाणखान्यात खिडकीपाशी बसून बाहेरचा रस्ता बघायला लागले. म्हणजे नागपूरला जे करत होते तेच, फक्त इथल्या रस्त्यावर माणूस दिसत नव्हता. माझा नवरा म्हणाला, होईल सवय. मला तसं वाटत नव्हतं. हा माणूस असाच गप्प परत गेला तर पुन्हा कधी तोंड उघडणार नाही, अशी मला भीती होती, आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती.

थंडी सुरू झाली तेव्हा ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं मॉलचं सुचवलं. इकडची म्हातारी माणसं हिवाळ्यात मॉलमध्ये चालायला जातात. दुकानं उघडायच्या आधीच मॉलचे दरवाजे उघडतात. आत ऊब असते, फरशी सपाट असते, बर्फावरून घसरायची धास्ती नसते. दोन-चार फेऱ्या मारायच्या आणि मग फूड कोर्टात कॉफी घेऊन बसायचं. मी बाबांना ऑफिसला जाताना तिथं सोडायची आणि लंच ब्रेकमध्ये घरी पोचवायची. आमच्यासारख्या इतर घरांतले आईवडीलही तिथं यायचे, कुणी हैदराबादचे, कुणी बडोद्याचे, एक काका-काकू पुण्याचे. कोपऱ्यातली दोन टेबलं जोडून त्यांचा अड्डा जमायचा. बाबा त्यांच्यात बसायचे खरे, पण मुलांची ग्रीन कार्डं आणि स्वतःचे गुडघे हे सोडून तिथं तिसरा विषय नव्हता. बाबांना दोन्हींत रस नव्हता.

नोव्हेंबर संपता संपता एक दिवस मी त्यांना घ्यायला गेले तर ते भलत्याच टेबलाशी होते. समोर एक उंच, काळा म्हातारा, बाबांपेक्षा पंधराएक वर्षांनी मोठा, बाजूला काठी, डोक्यावर विमानाचं चित्र असलेली टोपी. आणि बाबा बोलत होते. हात हलवून, तोंडानं इंजिनाचा आवाज काढून बोलत होते. एवढा आवाज मी वर्षभरात ऐकला नव्हता. मी लांबच उभी राहिले आणि ऑफिसला खुशाल उशीर होऊ दिला.

गाडीत बसल्याबसल्या ते म्हणाले, "एअरमन आहे न तो. माझ्यासारखा."

हा शब्द इथं जरा समजावून सांगायला हवा, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरून घडलं. बाबा आपल्या हवाई दलात पंधरा वर्षं इंजिन फिटर होते, सार्जंट होऊन बाहेर पडले. आपल्याकडे हवाई दलात दोन पंगती असतात. एक ऑफिसरांची आणि दुसरी एअरमनची. विमान उडवतो तो ऑफिसर. ते विमान उडण्याजोगं ठेवतो, पुसतो, वेळ पडली तर ढकलतो, तो एअरमन. दोघांची मेस वेगळी, क्वार्टर्स वेगळी, कॅम्पातल्या सिनेमाला खुर्च्यासुद्धा वेगळ्या. ऑफिसर दिसला की एअरमन उठून उभा राहतो आणि तो 'बस' म्हणाल्याशिवाय बसत नाही. हे आमच्या घरात इतकं मुरलं होतं की लहानपणी एखादा साहेब सायकलवरून घरापुढून गेला तरी आम्ही भावंडं खेळ थांबवून सरळ उभी राहायचो. त्यामुळं त्या म्हाताऱ्यानं टोपीवर बोट टेकवून "मी महायुद्धातला एअरमन" असं सांगितल्यावर बाबांनी पुढं काही विचारलंच नाही. परक्या देशात त्यांना आपल्या पंगतीचा माणूस भेटला होता.

अमेरिकेत हा शब्द असा पंगत बघत नाही, हे आम्हाला दोघांनाही ठाऊक नव्हतं. इथं वैमानिकही एअरमन आणि इंजिन पुसणाराही एअरमन.

तुम्ही म्हणाल, इतक्या गप्पा झाल्या तर कळलं कसं नाही? त्याचं कारण बाबा स्वतः. तो म्हातारा "आम्ही इटलीहून उडायचो, बाँबर विमानांच्या सोबतीला जायचो, आमच्या विमानांच्या शेपट्या लाल होत्या" असं सांगायचा. बाबाही एकाहत्तरच्या लढाईबद्दल बोलताना "आम्ही ढाक्यावर गेलो" असंच म्हणतात. प्रत्यक्षात ते बागडोगऱ्याच्या हँगरमध्ये होते. तो "माझं विमान" म्हणायचा. बाबाही ज्याचं इंजिन त्यांच्या हाताखाली असे त्याला जन्मभर "माझं विमान" म्हणत आले. सगळं कसं चपखल बसत होतं.

जेवताना आता बाबांकडं बातम्या असायच्या. तो तरुणपणी विमानाच्या शाळेसाठी दक्षिणेत गेला तेव्हा वाटेत त्याला गाडीचा डबा बदलायला लावला होता, काळ्यांचा डबा इंजिनामागचा, कोळशाच्या धुराचा. छावणीत पकडून आणलेले जर्मन कैदी ज्या खानावळीत जेवायचे तिथं यांना आपल्या गणवेशात मज्जाव होता. ते सांगताना बाबांनी ताट बाजूला सारलं. माझी नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, "बट दॅट वॉज अ लाँग टाइम अगो, राइट आजोबा?" बाबा म्हणाले, "तो माणूस रोज माझ्यासमोर कॉफी पितो. लाँग टाइम कुठला?"

आणि एक गोष्ट त्यांनी हसत हसत सांगितली. इटलीहून परत आल्यावर त्या म्हाताऱ्याला इंडियानातल्या एका तळावर ठेवलं होतं. तिथं तो आणि त्याचे सोबती एका संध्याकाळी क्लबात शिरले, तर सगळ्यांना अटक झाली. नंतर एका कागदावर सही करा म्हणाले, हा क्लब तुमच्यासाठी नाही हा नियम मी वाचला आहे म्हणून. तीही यांनी केली नाही.

"ऑफिसर्स मेसमध्ये घुसले असतील न," बाबा म्हणाले. "मग काय हार घालणार? आमच्याकडेही आत टाकलं असतं." आपल्या मित्राच्या या वात्रटपणाचं त्यांना भारी कौतुक होतं. मीही हसले.

तीन महिने हे छान चाललं. बाबा स्टीलच्या डब्यातून चिवडा न्यायचे. म्हाताऱ्याला तो तिखट लागायचा, पण तो डबा संपवायचा. बाबा त्याला "यार" म्हणायचे, निघताना पाठीवर थाप मारायचे. एप्रिलमध्ये त्यांचं परतीचं तिकीट होतं आणि ते आता माझ्याशी आईबद्दलही बोलायला लागले होते, थोडं थोडं, गाडीत, पुढं बघत. मी त्या म्हाताऱ्याला मनातल्या मनात रोज हात जोडायची.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला. दोन फोटो होते. एक आत्ताचा, टोपी घातलेला, आणि दुसरा विमानाच्या पंखावर बसलेल्या एका देखण्या पोराचा. महायुद्धात लढलेल्या काळ्या वैमानिकांचा पुढच्या महिन्यात वॉशिंग्टनला मोठा सन्मान व्हायचा होता. युद्धानंतर त्यांची तुकडी कोलंबसच्या दक्षिणेच्या तळावर आणून ठेवली होती, म्हणून त्यांतले काहीजण इथंच स्थायिक झाले होते. हा त्यांच्यापैकी एक. लढाऊ विमानाचा पायलट. निवृत्त लेफ्टनंट कर्नल. नंतर शाळेत गणित शिकवलं.

बाबांनी ते ओळीवर बोट ठेवून वाचलं. मग पेपर घडी करून मांडीवर ठेवला. मला वाटलं आता ते आनंदानं नवऱ्याला हाक मारतील. पण त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"बेटा, मी त्यांच्या पाठीवर थाप मारली न," ते म्हणाले.

त्या सकाळी आमच्या घरात 'तो'चा 'ते' झाला. मग बाबा आपले एकेक गुन्हे आठवत बसले. यार म्हटलं. त्यांच्या आधी खुर्चीत बसलो. डब्यातला चिवडा त्याच हातानं दिला ज्या हातानं आपण खात होतो. आणि तो क्लबाचा किस्सा! ते परक्या मेसमध्ये घुसले नव्हतेच. ते ऑफिसर होते आणि तो ऑफिसरांचाच क्लब होता. त्यांना त्यांच्याच दारातून बाहेर काढलं होतं. "आणि मी हसलो," बाबा म्हणाले. सांगताना कर्नलसुद्धा हसत होते असं तुम्हीच म्हणाला होतात, असं मी म्हणाले. ते बाबांनी ऐकलं नाही.

मला वाटलं एक-दोन दिवसांत उतरेल. तर पुढच्या आठवड्यात मी मॉलमध्ये गेले तेव्हा बाबा कोपऱ्यातल्या आपल्या लोकांच्या टेबलाशी बसलेले आणि कर्नल पलीकडं एकटे, समोर कॉफीचे दोन कप. एक त्यांचा. दुसरा भरलेला, झाकण न काढलेला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी कप एकच होता.

गाडीत मी बाबांवर चिडले. ही काय पद्धत आहे, म्हटलं, तो माणूस तुमची वाट बघतो. बाबा म्हणाले की जाता-येता मी त्यांना गुड मॉर्निंग सर म्हणतो, सावधान उभा राहून म्हणतो, मान ठेवतो, आणखी काय पाहिजे? सार्जंट कर्नलच्या टेबलावर बसत नसतो. मी म्हटलं, अहो मॉल आहे हा, मेस नाही. आणि वेगळं टेबल, वेगळा क्लब हेच तर त्यांना गोऱ्यांनी सांगितलं होतं ना? तुम्ही ताट बाजूला सारलं होतं ते ऐकून.

"ते वेगळं," बाबा म्हणाले. "रंग कोणी कमवत नाही, बेटा. कमिशन कमवावं लागतं. ज्यानं कमवलं त्याच्यासमोर उभं राहायचं, यात अन्याय कुठं आला?"

कमिशन म्हणजे ऑफिसरपद, आणि ते कर्नलनी कमवलेलं होतं हे खरंच होतं. म्हणून जास्त राग आला.

बाबांचा एक किस्सा आमच्या घरात पाहुणे आले की हमखास निघायचा. कुठल्याशा तळावर ते ऑफिसर्स मेसमध्ये निरोप घेऊन गेले होते, साध्या कपड्यांत. नव्या वेटरला वाटलं साहेबच आहेत. त्यानं खुर्ची दिली, सरबत आणून दिलं. बाबा बसले. तेवढ्यात ज्यांचं विमान बाबा रोज तयार करून द्यायचे ते फ्लाइट लेफ्टनंट आत आले आणि हसून म्हणाले, "अरे, तू? ऊठ, ऊठ." बाबा त्या वेटरच्या चेहऱ्याची अशी काही नक्कल करायचे की आई तोंडाला पदर लावून हसायची. त्या दिवशी गाडी चालवताना मला तो किस्सा आठवला आणि पहिल्यांदाच प्रश्न पडला की त्या सरबताचं पुढं काय झालं. बाबांनी ते कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नाही.

बाबा पुन्हा कमी बोलायला लागले. आपल्या टेबलावरचंही त्यांना रुचत नव्हतं. पुण्याच्या काकू त्यांना म्हणाल्या होत्या, बरं केलंत इकडं आलात, त्या लोकांचा काही नेम नसतो. बाबांनी त्यांना ताडकन सांगितलं की ते कर्नल आहेत. काकूंना त्यातून काय कळायचं ते कळलं.

मार्च उजाडला. एक दिवस मी जरा लवकर पोचले. बाबा अजून दुसऱ्या टोकाला फेऱ्या मारत होते. कर्नलनी मला काठीनं खूण केली आणि समोरची खुर्ची दाखवली. मी बसले. त्यांनी आधी हवेबद्दल विचारलं, मुलीबद्दल विचारलं. मग कपाची कड नीट बघत म्हणाले, "तुमच्या वडिलांना माझ्याबद्दल कुणी काही सांगितलं का?"

मला क्षणभर प्रश्नच कळला नाही. मग कळला, आणि कान तापले.

ते तक्रार करत नव्हते. आवाज अगदी वर्गात उदाहरण समजावून सांगावं तसा होता. मला पाहून टेबलाशी न बसणारे मी आयुष्यात पुष्कळ पाहिले, ते म्हणाले. तीन महिने बसून मग उठून गेलेला हा पहिलाच. त्यामुळं काय घडलं असावं, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. त्यांनी कोपऱ्यातल्या टेबलाकडं पाहिलं नाही, पण न पाहण्यातूनच सगळं दिसत होतं. काकूंचे शब्द त्यांना समजायची गरज नव्हती. असली वाक्यं त्यांनी जन्मभर ऐकली होती, भाषा कुठलीही असो.

मला रडू यायला लागलं. तसंच घाईघाईनं मी सांगून टाकलं. की तुम्ही काळे आहात हे त्यांना पहिल्या दिवसापासून दिसतच होतं, त्यात कळायचं काय? त्यांना कळलं ते हे की तुम्ही ऑफिसर आहात. मग एअरमन या शब्दाची सगळी भानगड सांगितली, वेगळी मेस, वेगळ्या खुर्च्या, ढाका आणि बागडोगरा, चिवड्याचा हात. कर्नल ऐकत होते. मध्येच ते हसायला लागले, खांदे हलेपर्यंत, आवाज न करता. "म्हणजे तो माझा मान राखत होता," ते म्हणाले.

मी हो म्हटलं. आणि बाबांचं ते वाक्यही सांगितलं, रंग कमवावा लागत नाही, कमिशन कमवावं लागतं.

तेव्हा हसू थांबलं. त्यांनी कप बाजूला सरकवला. मला वाटलं मी नको ते बोलले.

मग त्यांनी मला एका माणसाबद्दल सांगितलं. इटलीत त्यांच्या विमानाची देखभाल करणारा मेकॅनिक, त्यांच्याच रंगाचा, त्यांच्याच वयाचा. पायलट व्हायच्या परीक्षेला दोघं एकाच खोलीत होते. दोघंही पास झाले. पण काळ्या पोरांसाठी जागा मोजून ठेवलेल्या होत्या. त्या भरल्या आणि हा उरला. का, ते त्याला कुणी सांगितलं नाही. त्याच्या हातात पाना आला आणि यांच्या हातात विमान. जितक्या वेळा मी वर गेलो तितक्या वेळा त्या माणसामुळं खाली आलो, कर्नल म्हणाले. पुढं कोलंबसच्या तळावर सगळी तुकडी आपलीच होती, वरपासून खालपर्यंत काळी. क्लबही आपला होता. त्या क्लबाच्या मागच्या दारी एकदा तो मेकॅनिक आला, उद्याच्या उड्डाणाचं काही सांगायला. बाहेर पाऊस होता. हे बाहेर गेले, पावसात उभं राहून त्याचं ऐकलं, आणि परत आत आले.

"एका दारासाठी मी तुरुंगात गेलो होतो," ते म्हणाले, "आणि त्याला आत ये म्हणायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. नियमच होता. आणि तुमचे वडील म्हणतात तेच मीही म्हणत होतो, की मी ते कमवलंय."

एवढ्यात बाबा फेरी संपवून आले. माझ्याकडं बघून त्यांच्या लक्षात आलं की काहीतरी झालंय, पण कर्नल समोर होते, म्हणून आधी टाचा जुळल्या. गुड मॉर्निंग, सर. निघायचं का, असं मला मराठीत विचारलं.

कर्नल काठीवर जोर देऊन उठले. पंच्याऐंशीच्या घरातलं शरीर, उठायला वेळ लागला. उभे राहिल्यावर त्यांनी बाबांना बसायला सांगितलं. बाबा म्हणाले, आधी तुम्ही, सर. कर्नल म्हणाले, नाही, आधी तुम्ही. बाबा हलले नाहीत. कर्नलही हलले नाहीत. मीही मध्येच उठून उभी राहिले, कारण दोघं उभे असताना मला बसवेना. अशी आम्ही तिघं रिकाम्या खुर्च्यांभोवती उभी. कोपऱ्यातलं टेबल एकदम शांत झालं होतं. कर्नल काठीवर जास्त जास्त रेलायला लागले. बाबांना ते दिसत होतं आणि त्यांच्या चेहऱ्यावर फार हाल चालले होते. त्यांना त्या माणसाला बसवायचं होतं आणि त्यासाठी जे करावं लागणार होतं तेच त्यांना जमत नव्हतं.

"मी सांगतोय म्हणून बस, सार्जंट," कर्नल म्हणाले. "इथं तुला माझ्या टेबलावर बसवायला मला कुणी अडवणार नाही. बस."

बाबांचे ओठ हलले. मग ते इंग्रजीत म्हणाले, पण ते इंग्रजी आपलं, नागपूरचं होतं. "आय सॅट, सर. ट्वाइस."

कर्नल गोंधळले. बसलो होतो, दोनदा? कुठं? ते माझ्याकडं बघायला लागले. अमेरिकेत परीक्षेला कुणी बसत नाही. बसतो आपण. शाळेत बसतो, बोर्डाला बसतो, आणि इंग्रजी बोलतानाही बसतोच. मला कळलं होतं आणि तरी मी नुसती बाबांकडं बघत राहिले. चाळीस वर्षांत हे वाक्य आमच्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. आईला तरी ठाऊक होतं की नाही, कोण जाणे.

"कमिशनच्या परीक्षेबद्दल बोलतायत ते," मी कर्नलना म्हणाले. "ऑफिसर व्हायच्या परीक्षेला बसले होते. दोनदा."

कर्नलनी बाबांकडं पाहिलं. "पास झालात?"

"लेखी झालो होतो, सर. दोन्ही वेळा. इंटरव्ह्यूनंतर नाही घेतलं."

"का, ते सांगितलं?"

"नो, सर."

"त्यालाही नव्हतं सांगितलं," कर्नल म्हणाले. हे ते माझ्याकडं बघून म्हणाले. तो कोण, हे बाबांना माहीत नव्हतं.

मग त्यांनी काठी टेबलाला टेकवून ठेवली, दोन्ही हातांनी खुर्ची मागं ओढली आणि तिची पाठ धरून उभे राहिले. बाबांनी एकदा खुर्चीकडं पाहिलं, एकदा ती धरून ठेवलेल्या त्या हातांकडं. ते सावकाश बसले. ते नीट बसेपर्यंत कर्नलनी खुर्ची सोडली नाही.